पुसल्या गेलेल्या नाटकाची छपाई

लॉन्सेस्टन, व्हॅन डीमेन्स लँड
शनिवार, ८ मार्च १८३४

प्रिय केझाया मावशी,

जे घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. सोमवारी, ३ मार्चला, येथील नाटक कंपनीचे मालक मिस्टर अँब्रोज टल्क यांनी ‘दीपस्तंभाची राखणदारीण’ या नाटकाची वही आमच्या छापखान्यात आणून दिली. तिच्यातली चार गाणी प्रेक्षकांना वाटण्यासाठी छापायची होती. पाने चौऱ्याण्णव. मला सोयीचे जावे म्हणून त्यांनी शिवण उसवून ती सुटी केली होती.

२. मंगळवारी मी चारही गाण्यांसाठी अक्षरांचे खिळे जुळवले आणि पाने खिडकीजवळच्या फळीवर ठेवली.

३. त्या फळीवरचा कागद म्हणजे काम संपलेला कागद, असा आमच्याकडे नियम आहे. इंग्लंडहून कागद यायला पाच महिने लागतात, म्हणून लिहिलेला कागदही आम्ही टाकत नाही. फर्म्यावरची, म्हणजे जुळवून आवळलेल्या खिळ्यांवरची, शाई टिपायला, छपाईखाली गादी म्हणून घालायला तो लागतो. नियम मी केलेला आहे.

४. बुधवारी आणि गुरुवारी, वर्तमानपत्राच्या कामात, तो कागद वापरला गेला. वापरणारी मीच.

५. शुक्रवारी मिस्टर टल्क वही न्यायला आले. अकरा पाने उरली होती.

६. वहीची दुसरी प्रत नाही.

७. प्रयोगाआधी संपूर्ण नाटक मॅजिस्ट्रेटना वाचायला द्यावे लागते. मुदत बुधवार, २६ मार्च. प्रत दिली नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर ईस्टरच्या सोमवारी प्रयोग नाही. मग खाणावळीचे जे मोठे दालन नाटकासाठी मिळाले आहे ते लिलाववाला घेईल आणि कंपनी पुढच्या जहाजाने सिडनीला परत जाईल.

मिस्टर टल्कनी ती अकरा पाने दोनदा मोजली.

“मिस पेनहेल,” ते म्हणाले, “अकरा वर्षं मी ही वही छातीशी धरून हिंडलो. दोनदा जहाज खडकावर आपटलं, पण वही कोरडी राहिली. आणि तुम्ही तिनं शाई पुसलीत?”

“हो.”

“निदान रडा तरी!”

“रडून पाने परत येत असतील तर रडते,” मी म्हटले. त्यावर ते खुर्चीत बसले. मला वाटते त्यांनाच थोडे रडू आले असावे. मी पाणी दिले.

बाबांचे म्हणणे, आपल्या ‘टॅमार इंटेलिजन्सर’मध्ये यातले अक्षर छापायचे नाही.

तुम्हाला लिहिण्याचे कारण असे. टल्क सांगतात की हे नाटक प्रथम इंग्लंडात, प्लिमथला, १८११ च्या सुमारास झाले. वहीवर लिहिणाऱ्याचे नाव नव्हते, फक्त ‘एका स्त्रीने लिहिलेले’ एवढेच. त्या काळात तुम्ही आणि आई प्लिमथला होता, आणि तुम्हाला नाटकांची आवड होती असे आई सांगायची. हे नाटक तुम्ही पाहिले होते का? त्याची प्रत कोणाकडे असण्याची शक्यता आहे का? धीर देणारे पत्र नको. माहिती हवी.

तुमची,
डॉर्कस पेनहेल

*

रॉस
बुधवार, १२ मार्च

प्रिय डॉर्कस,

धीर नको म्हणतेस, बरं. तुझी आईसुद्धा दात दुखताना असंच म्हणायची.

पण आधी हे वाच. तुझे अल्कॉक काका आलेलं प्रत्येक पत्र नाश्त्याच्या टेबलावर मोठ्याने वाचतात. काल तुझं पत्र आलं तेव्हा देवाच्या कृपेने ते मेंढ्यांकडे गेले होते. ते चर्चचे विश्वस्त आहेत हे तू विसरलीस का? तुमच्या वर्तमानपत्रात ‘एक गृहस्थ’ या सहीने नाटकवाल्यांना झोडपणारा माणूस कोण, हे तुला कळलं असेलच. खिळे तूच जुळवतेस. इथून पुढे नाटकाबद्दल काहीही लिहायचं ते टपालघरातल्या मिसेस पेक यांच्या नावानं पाठव. घरच्या पत्त्यावर मुरंब्याबद्दल लिहीत जा.

आता तुझ्या प्रश्नांविषयी. प्लिमथला मी नाटकं पाहिली असतील. तरुणपणी माणूस काय काय पाहतो. प्रत कोणाकडे आहे ते ठाऊक नाही. असती तर इतक्या वर्षांत वाळवीनं तरी खाल्ली असती.

तरीपण सहज विचारते. वादळाचा प्रवेश अजून दुसऱ्या अंकातच आहे ना? की कोणा शहाण्यानं तो उचलून शेवटी नेऊन ठेवला? आणि त्या विधवेला, मॉर्वेनाला, ते अजून गाणं म्हणायला लावतात का? दिव्याची वात कापताना कोणती बाई गाणं म्हणते? नवरा आदल्या दिवशी गेलाय, हात तेलानं बरबटलेत, आणि म्हणे गाणं!

असो. हे सगळं कोणीतरी कधीतरी सांगितलेलं आठवलं.

तुझ्या बाबांना सांग, खरं काय ते छापून टाका. शाई पुसलेली गोष्ट लपत नाही.

तुझी मावशी,
केझाया अल्कॉक

*

लॉन्सेस्टन
रविवार, १६ मार्च
(मिसेस पेक यांच्यामार्फत)

प्रिय मावशी,

वादळ दुसऱ्या अंकातच आहे. चारांपैकी एक गाणे वात कापतानाचेच आहे. तुमचा आक्षेप मिसेस टल्कना सांगितला. त्या म्हणाल्या, “अकरा वर्षं मी हेच ओरडतेय!” त्या मॉर्वेनाचे काम करतात.

आता प्रगती लिहिते.

नाटकवाल्यांची एक पद्धत मला ठाऊक नव्हती. कोणत्याही नटाला पूर्ण नाटक देत नाहीत. त्याला फक्त त्याची नक्कल मिळते: त्याची स्वतःची भाषणे आणि प्रत्येकाच्या आधी दुसऱ्याच्या बोलण्यातले शेवटचे तीन-चार शब्द. त्यांना हे लोक शेपटी म्हणतात. शेपटी ऐकू आली की आपण बोलायचे. म्हणजे त्र्याऐंशी पाने गेली असली तरी नाटक आठ जणांच्या खिशांत तुकड्या-तुकड्यांनी शिल्लक होते. प्रत्येक तुकडा कोणत्या तुकड्यामागे जोडायचा याची खूण होतीच. फर्म्यातल्या ओळींपेक्षा हे काम वेगळे नाही.

सोमवारपासून रोज सकाळी मी सर्वांना खाणावळीच्या दालनात अर्धगोलात उभे करते. एकाने बोलायचे, आणि ज्याच्या नकलेत ती शेपटी असेल त्याने पुढे बोलायचे. मी उभ्या उभ्या लिहून घेते आणि दुपारी थेट खिळे जुळवते. हाताने प्रत उतरवण्यापेक्षा मला तेच लवकर जमते.

मजेची गोष्ट अशी की नाटक काय आहे हे त्यांच्यापैकी अनेकांना माहीत नाही. म्हातारे मिस्टर फिंच पाद्र्याचे काम करतात. गुरुवारी तिसरा अंक जुळत असताना ते एकदम ओरडले, “थांबा! म्हणजे त्या बुडणाऱ्या जहाजावर कॅप्टन रूकचाच मुलगा आहे?”

“अहो, साठ प्रयोग केलेत तुम्ही!” मिसेस टल्क म्हणाल्या.

“केले ना. पण पहिल्या अंकात तुझं लग्न लावलं की मी शेजारी बिअर प्यायला जातो. थेट दफनाला येतो.”

“आणि दफन कोणाचं, हे कधी विचारावंसं वाटलं नाही?”

“पाद्र्यानं असलं विचारू नये.”

अडचण एकच, पण मोठी. हा जो कॅप्टन रूक आहे, दीपस्तंभाचा दिवा विझवून जहाजे खडकावर आणणारा आणि लुटणारा, त्याचे काम करणारा नट फेब्रुवारीत भांडून सिडनीला निघून गेला. जाताना खिशात नक्कल घेऊन गेला. नव्या नटाला वहीवरून उतरवून देणार होते. रूक बोलतो कमी. त्याची पाच भाषणे उरलेल्या अकरा पानांवर सापडली. बाकी सात भाषणांच्या फक्त शेपट्या आहेत, दुसऱ्यांच्या नकलांमध्ये. त्या सोबत जोडत आहे. रूकची वेळ आली की मी टेबलावर खिळ्यांची पट्टी आपटते आणि सगळे पुढे जातात. मॅजिस्ट्रेटना पट्टीचा आवाज देता येणार नाही.

टल्क म्हणतात, “मीच काहीतरी लिहितो.” त्यांनी लिहिलेले एक भाषण वाचले. त्यात रूक तीन वेळा ‘अरेरे’ म्हणतो.

गल्लीपलीकडच्या ‘बीकन’ या दुसऱ्या वर्तमानपत्राने काल छापले: ‘आमच्या शेजाऱ्यांच्या छापखान्यात एक नाटक धुऊन निघाल्याचे समजते. आता त्यांचे अग्रलेखही त्याच पाण्यात घालावेत.’ बाबा तांबडेलाल झाले. म्हणाले, आता सगळे खरे छापलेच पाहिजे. तो मजकूर मी आठवड्यापूर्वीच जुळवून ठेवला होता, सात कलमांसह.

सात शेपट्यांपैकी एकही भाषण तुम्हाला आठवत असेल तर कळवावे. दहा दिवस उरले आहेत.

डॉर्कस

*

रॉस
बुधवार, १९ मार्च

प्रिय डॉर्कस,

ओळखीच्या एका बाईंना हे नाटक बरंच आठवतं. त्यांचं नाव विचारू नकोस. मी त्यांना तुझ्या शेपट्या दाखवल्या. त्या दोन दिवस दूध नासेपर्यंत चुलीशी बसून राहिल्या आणि मग त्यांनी सोबतचे कागद लिहिले. अक्षर माझं आहे, कारण त्यांना संधिवात आहे.

शेवटचं भाषण त्यांनी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहिलेलं पाठवते:

‘बाई, मी आयुष्यभर अंधार विकला. गिऱ्हाईक कोण ते कधी पाहिलं नाही. आज माझं पोर त्या अंधारात आहे. तुझ्या नवऱ्याला मी मारलं, हे तुला ठाऊक आहे, मलाही आहे. त्याची शिक्षा मला दे, उद्या दे, पण हात चालव. माझे हात कापताहेत, वात सापडत नाही. तू दिवा लाव.’

नव्या नटाला सांग, हे ओरडून म्हणायचं नाही. ओरडणाऱ्याचे हात कापत नाहीत.

मिसेस पेकना लाखेचा शिक्का मारायला सांगितलाय. काकांना वाटतंय मी मुरंबा घालतेय. खरंच घालतेय. एक पातेलं करपलं.

केझाया मावशी

*

लॉन्सेस्टन
शनिवार, २२ मार्च

प्रिय मावशी,

कागद काल मिळाले. ताबडतोब जुळवायला घेतले. आजचा ‘इंटेलिजन्सर’ दोनच पानी निघाला आहे, कारण निम्मे खिळे नाटकात अडकले आहेत. बाबांना वाचकांनी रस्त्यात अडवून विचारले, “बाकीचं वर्तमानपत्र कुठंय?” ते म्हणाले, “माझ्या मुलीला विचारा.”

तीन गोष्टी नोंदवते.

मी सात भाषणे मागितली होती. तुम्ही नऊ पाठवलीत. जादाची दोन पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या अखेरीस बसतात, आणि चपखल बसतात. ज्या भाषणानंतर पडदा पडतो त्याची शेपटी कोणाच्याच नकलेत नसते, कारण त्यानंतर कोणीच बोलत नाही. त्यामुळे ही दोन भाषणे अस्तित्वात होती हे मला कळणे शक्य नव्हते. नाटक पाहिलेल्या प्रेक्षकाला एखादे आठवेल. दोन्ही शब्दशः आठवणार नाहीत.

दुसरे. पान ८८ चा खालचा तुकडा माझ्याकडे शाबूत आहे. हे तुम्हाला कळवले नव्हते. त्यावर शेवटच्या भाषणाच्या तीन ओळी आहेत. पहिली तुमच्याशी जुळते. पुढच्या दोन जुळत नाहीत. तिथे रूक आकाशाकडे पाहून क्षमा मागतो. तुमच्या कागदात त्याला वात सापडत नाही.

तिसरे. तुम्हाला संधिवात नाही, आणि रॉसमध्ये दुसरी अशी बाई असती तर तिच्याबद्दल तुम्ही दोन पाने लिहिली असती.

यावरून मी निष्कर्ष काढला आहे: प्लिमथच्या त्या प्रयोगात तुम्ही स्वतः काम केले होते. बहुधा मॉर्वेनाचे. रोज रूकसमोर उभे राहिल्यामुळे त्याची भाषणे तुम्हाला पाठ झाली, आणि जिथे आठवले नाही तिथे तुम्ही भर घातलीत. काकांना हे ठाऊक नाही. माझ्याकडून कोणालाही कळणार नाही.

आमच्या छापखान्याचा नियम आहे की मूळ प्रतीत जे असेल तेच छापायचे, चूक दिसली तरी. पान ८८ ही मूळ प्रत आहे. मी तुमचे भाषण छापले आहे.

डॉर्कस

*

रॉस
मंगळवार, २५ मार्च

अगं हुशार पोरी,

तीन पुरावे, आणि निष्कर्ष मात्र चुकला. इतकं हसले की मिसेस पेकनी मला बाकावर बसवून पाणी पाजलं.

मी? रंगमंचावर? चारचौघांत मला प्रार्थनासुद्धा नीट म्हणता येत नाही. जन्मात कधी मी पडद्यापुढे आले नाही. मी पडद्यामागे पेटीवर बसून असायची, मांडीवर दौत घेऊन.

ते नाटक मी लिहिलंय, डॉर्कस.

चोवीस वर्षांची होते. कंपनीच्या मालकानं वाचलं, छातीवर हात ठेवून म्हणाला, “मिस ट्रेविन, उत्तम! पण नाव नको. बाईचं नाव पाहिलं की लोकांना वाटतं आत शिवणकाम असेल.” मी म्हटलं, निदान बाई आहे एवढं तरी लिहा. त्यानं तेवढं लिहिलं. नऊ प्रयोग झाले. रोज मी पेटीवर बसून लोक रडताना ऐकायची, पण दिसायचे नाहीत. मग कंपनी बुडाली, वही कोणी विकली, मी लग्न करून इकडे आले. तुझ्या आईशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

शेवटचं भाषण तेव्हा वाईटच लिहिलं होतं. चोविसाव्या वर्षी मला वाटायचं, माणूस मोडला की आकाशाकडे पाहतो. आता ठाऊक आहे, तो हातांकडे पाहतो. तू नियम मोडलास ते बरं केलंस. जगात फक्त तुला ठाऊक आहे की ते दोन वेळा लिहिलं गेलं.

उद्या सव्वीस. मला लगेच कळव. मुरंबा संपलाय, आता काय घालू?

केझाया

*

लॉन्सेस्टन
मंगळवार, १ एप्रिल

प्रिय मावशी,

माझा निष्कर्ष चुकला होता. पुरावे बरोबर होते. प्रत सुधारणारा माणूस बहुधा ती लिहिणाराच असतो, हे छापखान्यात राहून मला सुचायला हवे होते.

बुधवारी सकाळी दहा वाजता मी आणि मिस्टर टल्क मॅजिस्ट्रेट मेजर ऑर्म्सबी यांच्या कचेरीत गेलो. मी प्रत टेबलावर ठेवली. चाळीस पाने, शिवलेली. त्यांनी ती उलटीपालटी केली.

“ही छापलेली आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“आजवर मला नाटकं हातानं लिहिलेली मिळाली. अक्षर लागत नाही, म्हणून चार पानं चाळतो आणि सही करतो. ही तर पूर्ण वाचावी लागणार!”

“सगळी अक्षरं लागतील अशीच छापली आहेत,” मी म्हटले. टल्कनी माझ्या पायावर पाय दिला.

गुरुवारी शिपाई परवाना घेऊन आला. सही होती, एकही ओळ कापलेली नव्हती. प्रत मात्र परत आली नाही. शिपाई म्हणाला, “बाईसाहेब वाचताहेत. साहेबांनी मागितली तर म्हणाल्या, हात लावू नका.”

काल ईस्टरचा सोमवार. दालनात बसायला जागा एकशे साठ जणांना आहे. मी दोनशे बारा मोजले. पुढे अधिकारी आणि त्यांच्या बायका, मागे दुकानदार, भिंतीला टेकून देवमासे मारणाऱ्या जहाजांवरचे खलाशी. मॉर्वेनाने वात कापली, गाणे म्हटले नाही. कोणाला त्याची उणीव भासली नाही.

शेवटच्या प्रवेशात रूक दारातून आत आला. नव्या नटाने तुमची सूचना पाळली. तो इतक्या हळू बोलला की मागचे लोक पुढे सरकले. ‘माझे हात कापताहेत, वात सापडत नाही.’ मिसेस टल्क हलल्या नाहीत. त्या नुसत्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. एवढ्यात भिंतीजवळचा एक धिप्पाड खलाशी ओरडला, “लाव की गं बाई! पोर बुडतंय!” आणि मग सगळे दालन ओरडू लागले. अधिकाऱ्यांच्या बायकासुद्धा. मिसेस टल्कनी त्यांना पुरते ओरडू दिले आणि मग दिवा लावला.

मिस्टर फिंच काल पहिल्यांदाच बिअर प्यायला गेले नाहीत. ते पडद्याच्या कडेला उभे होते. दफनाच्या प्रवेशात ते खरोखरच रडले. टल्क म्हणतात, साठ प्रयोगांत एवढे चांगले दफन झाले नव्हते.

सगळ्यांना चार वेळा बाहेर यावे लागले. चौथ्या वेळी टल्कनी मला हात धरून पुढे ओढले आणि सांगितले, “हिनंच नाटक पुसलं आणि हिनंच परत आणलं!” मी म्हटले, “मी एकटीने नाही.” गलबल्यात ते कोणाला ऐकू गेले नाही.

बाबांनी मला शनिवारच्या अंकासाठी प्रयोगाची हकीकत लिहायला सांगितली आहे. मी टिपणे घेत होते. रूकच्या भाषणापाशी माझ्या कागदावर काहीच लिहिलेले नाही.

तुम्हाला लोक दिसत नव्हते, म्हणून सांगते. पुढच्या तीन रांगांत एकही कोरडा चेहरा नव्हता. मी पाहिले.

दुसरा प्रयोग गुरुवारी आहे. छापलेल्या दोनशे प्रती संपल्या, पुन्हा छापते आहे.

डॉर्कस

*

रॉस
सोमवार, ७ एप्रिल

डॉर्कस,

हे पत्र मिसेस पेककडून नाही. घरून लिहितेय, टेबलावर, उजेडात. काका समोर बसलेत आणि मध्ये मध्ये नाक शिंकरताहेत.

काय झालं ते ऐक. ते मंगळवारी मेंढ्यांच्या बाजारासाठी तुमच्या गावी गेले. शनिवारी परत आले. जेवताना मटणाला हात लावेनात. मी म्हटलं, भाव पडले का? म्हणाले, “केझाया, मी गुरुवारी नाटकाला गेलो होतो.”

मी चमचा घट्ट धरला.

“शत्रू काय करतो ते पाहावं म्हणून,” ते म्हणाले. “विरोधात लिहायचं तर पाहिलेलं बरं.” आणि मग, अगं, त्यांनी मला पाऊण तास माझंच नाटक सांगितलं. उभं राहून. रूकचं काम स्वतः करून दाखवलं, काटा वात समजून. दोन ठिकाणी चुकले. एका ठिकाणी मी गप्प बसले. दुसऱ्या ठिकाणी ते म्हणाले, “मग दिवा लागतो आणि मग पाद्री येतो—”

“नाही हो,” मी म्हटलं. “पाद्री आधी येतो. दार त्यानं उघडं टाकलेलं असतं, म्हणून तर रूक आत येऊ शकतो.”

काटा तसाच हवेत राहिला. “तुला कसं ठाऊक?”

तेवीस वर्षं, डॉर्कस. इतकी सोपी गोष्ट होती. मी म्हटलं, “दार मीच उघडं ठेवलं.”

मग सगळं सांगितलं. पेटी, दौत, प्लिमथ, शेपट्या, करपलेला मुरंबा, सगळं. ते बसले. पुडिंग आलं, ते खाल्लं. दुसऱ्यांदा घेतलं. मला वाटलं आता बायबल काढतील. ते म्हणाले, “म्हणजे ते पोर वाचतं की बुडतं, हे तू ठरवलंस?”

“हो.”

“आणि मला हे लग्नाआधी सांगावंसं वाटलं नाही?”

“तुम्ही तेव्हाही चर्चमध्ये जायचात.”

त्यांनी पुडिंग संपवलं. मग म्हणाले, “निदान गेल्या आठवड्यात तरी सांगायचंस. रुमाल घेऊन गेलो असतो. शेजारच्या कसायाचा मागावा लागला.”

काल चर्चच्या दारात पाद्रीबाईंनी नाटकाचा विषय काढला, आणि तुझे काका सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडम, ते माझ्या पत्नीनं लिहिलंय.” आवाज असा, जसा बाजारात त्यांचा बैल पहिला आला की असतो. पाद्रीबाईंनी मला विचारलं, आतमध्ये शिवणकाम आहे का. मी म्हटलं, एक टाकाही नाही.

तू पुन्हा छापतेयस ना? नाव छाप. मोठ्या अक्षरात छाप.

केझाया

*

लॉन्सेस्टन
बुधवार, ९ एप्रिल

प्रिय मावशी,

पत्र मिळाले. बाबांना वाचून दाखवले, तुम्ही मनाई केली नव्हती म्हणून. ते म्हणाले, “ट्रेविनच्या दोन्ही मुली सारख्याच! तुझ्या आईनंही मला कधी कळू दिलं नाही.”

शुक्रवारी, २५ एप्रिलला तिसरा प्रयोग आहे. मेजर ऑर्म्सबींनी पुढची पूर्ण रांग मागितली आहे. टल्कनी दालन वर्षभरासाठी घेतले. त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितले आहे की पेटीत आणखी काही लिहिलेले आहे का. नसेल तर लिहावे, असे ते म्हणतात. मीही म्हणते.

नव्या आवृत्तीच्या पहिल्या पानावरून ‘एका स्त्रीने लिहिलेले’ ही ओळ मी काढून टाकली आहे. सगळ्यात मोठे खिळे तिथल्यासाठी बाजूला ठेवले आहेत. पण कोणते नाव, ते तुम्ही लिहिले नाही. नाटक केझाया ट्रेविनने लिहिले. शेवटचे भाषण केझाया अल्कॉकने लिहिले. मी दोन्ही नावे जुळवून पाहिली. दोन्ही त्या ओळीत बसतात, आणि हवी असल्यास दोन्ही मिळूनही बसतात.

फर्मा गुरुवारी सकाळी आवळायचा आहे. कोणते नाव छापायचे ते कृपया बुधवार, १६ एप्रिलपर्यंत कळवावे.

डॉर्कस